दीड लिटर साधं की एक लिटर टर्बो?

निपाणीच्या भाच्याचा फोन आला. दोन जुन्या गाड्या हेरून ठेवल्यात म्हणाला. एक सेडान, दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन. दुसरी चार मीटरच्या आतली उंच गाडी, एक लिटर टर्बो पेट्रोल, म्हणजे छोट्या चाकाने हवा दाबून भरणारं इंजिन. किंमत जवळपास सारखीच, सेडान दोन वर्षांनी जुनी. "मामा, तुम्ही दोन्ही वापरलंय, तुम्हीच सांगा."

वापरलंय हे खरं. राहायला खानापुरात, सासुरवाडी गोव्यात साखळीला, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी चोर्ला घाट ठरलेला. साडेतीन वर्षं टर्बो चालवली, गेली चार वर्षं दीड लिटर. माझ्या गाड्यांची नावं घेत नाही. नाव घेतलं की बोलणं कंपनीवर घसरतं आणि दोन्हीकडचे भक्त बाह्या सरसावतात. मला बोलायचंय ते इंजिनाच्या जातीबद्दल.

दीड लिटर मागे पडलं ते इंजिन वाईट होतं म्हणून नव्हे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीची रेघ आखली गेली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. रेघेच्या आत कर कमी, बाहेर जास्त. जीएसटीतही ती रेघ टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. मग हजार सीसीला टर्बो जोडून दीड लिटरची ताकद काढणं कंपन्यांना परवडू लागलं. त्यात लोकांना आता उंच गाडी हवी, सेडानकडे कोण बघतो? मारुतीने सियाझ २०२५ मध्ये बंदच केली. जुनी घेणाऱ्याला हे बरंच आहे. कर पहिल्या मालकाने भरलेला असतो, भाव फॅशनने पाडलेला असतो.

कागदावर टर्बो सरस, यात वाद नाही. सियाझ, एर्टिगा, ब्रेझा यांत आलेलं मारुतीचं १४६२ सीसीचं के१५ इंजिन १३८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचायचा जोर, देतं, तोही ४४०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इतके फेरे झाल्यावर. एक लिटर टर्बोत स्कोडा-फोक्सवॅगनचं इंजिन १७८ देतं, ह्युंदाईचं १७२, आणि दोन्ही दोन हजार आरपीएमच्या आतच पूर्ण जोर लावतात. निपाणीजवळच्या तवंदी घाटात हा फरक स्पष्ट कळतो. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, तरी टर्बो वरच्या गियरमध्ये मुकाट चढते. दीड लिटरला एक गियर खाली आणावं लागतं, आणि मग ते ओरडतं. तुमचं येणं-जाणं निपाणी, बेळगाव, हुबळी असं हायवेवरचंच असेल तर टर्बो घ्या, मी अडवणार नाही.

माझा रस्ता चोर्ल्याकडे जाणारा, जांबोटी-कणकुंबीचा, आणि तिथेच तो पिवळा दिवा लागला.

पहिल्यांदा लागला तो जुलैत. धो धो पाऊस, पुढे ट्रक, चढ. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा दिवा उजळला आणि गाडीचा दमच गेला. बंद पडली नाही, हे सांगायला हवं. साडेतीन वर्षांत ती गाडी एकदाही बंद पडली नाही. फक्त पेंगत पेंगत घाट चढली. परत आल्यावर आमच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, कान लावला, रेस देऊन पाहिली. इंजिन कसं गोड चालत होतं. "एनू इल्ला," म्हणाले. काही नाहीच.

मग बेळगाव गाठलं. तिथे स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड पुसला, सॉफ्टवेअर नवं घातलं, बिल हातात दिलं. दोन आठवडे सगळं छान. पुढच्या खेपेला कणकुंबी ओलांडली आणि दिवा हजर. पुन्हा बेळगाव, या वेळी एक सेन्सर बदलला. पुन्हा घाट, पुन्हा दिवा. असे दोन पावसाळे गेले. बायको म्हणाली, "गाडीने चांगलेच दिवे लावलेत."

शेवटी कोल्हापूरच्या एका गॅरेजात पाइपांत दाबाने हवा भरून तपासलं तेव्हा चोर सापडला. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या रबरी पाइपला बोटाच्या पेराएवढी चीर होती. गाडी उभी असताना त्या पाइपात दाब नसतो, त्यामुळे चीर मिटलेली. चढावर टर्बो दाब भरायला लागला की ती उघडणार, हवा बाहेर जाणार, कॉम्प्युटर गोंधळणार आणि जपून चालवायचं म्हणून ताकद कापणार. म्हणजे दुखणं फक्त घाटात, आणि तपासणी नेहमी सपाटीवर. आमचे मेस्त्री खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दारात खरंच काही नव्हतं. पाइप यायला नऊ दिवस लागले, बसवायला वीस मिनिटं. मग गाडी विकली. नीट झालेली असताना विकली, हे मला आजही जरा विचित्र वाटतं. पण दर चढावर माझा डोळा रस्त्याऐवजी मीटरवर जायचा.

आताच्या गाडीलाही दुखणी आली. एकदा आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची चाल, वर-खाली व्हायला लागलं. साध्या इंजिनात हवा ढकलली जात नाही, ओढली जाते. पाइप फाटला तर उभ्या गाडीतच बारीक शिटी ऐकू येते. मेस्त्रींनी ऐकली, पाइप बदलला, चहा धरून पाऊण तास. एकदा मिसिंग होतं, म्हणजे एक सिलिंडर मधूनमधून पेटतच नव्हता. त्यांनी त्या सिलिंडरची ठिणगीची कॉइल काढून शेजारच्यावर लावली, मिसिंगही शेजारी सरकलं, झाला निकाल. हे काही फार हुशारीचं काम नव्हे. पण ते खानापुरात झालं, आणि रविवारी झालं.

सुट्या भागांचंही तसंच. एर्टिगाच्या टॅक्सी इतक्या धावतात की त्या इंजिनाचा माल कुठल्याही बऱ्या दुकानात असतो. दीड लिटरमध्ये होंडा सिटीचं १४९७ सीसीचं इंजिनही डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे, फक्त ते वरच्या आरपीएमला खुलतं.

टर्बोचे बाकीचे नखरे थोडक्यात. त्याचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि इंजिनच्याच ऑइलवर जगतं, म्हणून ऑइल सांगितलेल्या ग्रेडचंच हवं, तारीख चुकवायची नाही, आणि घाट चढून थांबल्यावर लगेच चावी बंद करायची नाही, मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं. पहिल्या मालकाने हे पाळलं होतं का, ते कोण सांगणार? ॲव्हरेजचं म्हणाल तर माझ्या पायाला दोन्ही गाड्या सारख्याच पडल्या, पंधरा-सोळा.

दीड लिटरच्या विरुद्ध जातं तेही सांगतो. जुन्या के१५ ला चार गियरचा ऑटोमॅटिक आहे, तो आळशी. घ्यायची तर मॅन्युअलच. आणि पंपावर आता ई२० पेट्रोल मिळतं, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना ते चालतं, भाच्याने पाहिलेली सेडान त्याआधीची. माझीही आधीचीच. अजून तरी तक्रार नाही, पण रबरी पाइप आणि सीलवर नजर ठेवून आहे.

एक फाटा राहिला. त्याची सेडान कोल्हापूरची निघाली, एमएच ०९. आपल्याकडे कायमची आणायची तर बारा महिन्यांच्या आत कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो, तिकडची एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स आला. तो आकडा आधी आरटीओत विचार आणि किमतीतून वजा करून बोल, म्हटलं. टर्बो केए २३ ची आहे, तिथे ही कटकट नाही. एवढा एक गुण तिला द्यायलाच हवा.

रविवारी तो सेडान बघायला निघालाय, मी मेस्त्रींना घेऊन जातोय. टर्बोही बघू, का नाही? फक्त ती तवंदी घाटात चालवून बघायची, चौघं बसून, सपाटीवर नाही. आणि दोन्हींत चावी फिरवल्यावर तो पिवळा दिवा आधी लागतो आणि मग विझतो ना, हे पाहायचं. लागतच नसेल तर आधीच्या मालकाने त्याचा बंदोबस्त करून ठेवलाय.