नऊ महिने फ्लो हूड वापरल्यावर: आकडा किती खरा मानायचा?

मी एअर बॅलन्सिंगचं काम करतो. इमारतीच्या सेंट्रल एसीचा एएचयू (डक्टमध्ये हवा ढकलणारं पंख्याचं युनिट) चालू झाला आणि सीलिंग बंद झालं, की प्रत्येक डिफ्यूझरमधून, म्हणजे सीलिंगमधल्या हवेच्या तोंडातून, ड्रॉइंगवर लिहिलेली हवा येते का ते मोजायचं. येत नसेल तर डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप, फिरवत बसायचं. आधी सगळं व्हेन अ‍ॅनिमोमीटरवर, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या छोट्या चक्रीवर, चालायचं. ग्रिलसमोर तो फिरवायचा, सरासरी वेग काढायचा आणि क्षेत्रफळाने गुणायचं. पण पात्यांमधलं मोकळं क्षेत्रफळ किती धरायचं यावर कन्सल्टंटशी दर वेळी वाद व्हायचा. शेवटी नऊ महिन्यांपूर्वी फ्लो हूड घेतला, म्हणजे डिफ्यूझरची सगळी हवा झाकून मोजणारं यंत्र. ब्रँडचं नाव देत नाही, कारण या जातीचे सगळे हूड मुळात एकाच तत्त्वावर चालतात.

वरती दोन फूट बाय दोन फुटांचं कापडी तोंड, खाली निमुळता होत जाणारा झगा, बुडाशी बारीक भोकांच्या नळ्यांची जाळी आणि तिला जोडलेला मायक्रोमॅनोमीटर, म्हणजे दाबातला बारीक फरक मोजणारं यंत्र. तोंड डिफ्यूझरभोवती दाबून धरलं की दहा-पंधरा सेकंदांत सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) स्क्रीनवर येतात. पहिल्या दिवशी चाळीस डिफ्यूझर दुपारच्या आत संपले, तेव्हा मला वाटलं, आता वाद मिटले.

मिटले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एका एएचयूच्या मेन डक्टमध्ये पिटॉट ट्यूबने, म्हणजे हवेच्या दाबावरून वेग सांगणाऱ्या नळीने, ट्रॅव्हर्स घेतला, म्हणजे डक्टच्या छेदात अनेक जागी मोजून सरासरी काढली. 2,400 सीएफएम आले. त्याच डक्टवरच्या सगळ्या डिफ्यूझरची हूडने केलेली बेरीज 2,180 भरली. 220 गेले कुठे? डक्ट गळतोय म्हणून सीलिंगच्या टाइल काढल्या, जोडांवर धूर सोडून पाहिला. एका फ्लेक्सिबल डक्टचा पट्टा थोडा सैल होता, बाकी ठीक.

मग हेल्परला एका डिफ्यूझरला हूड लावायला सांगितलं आणि मी शेजारच्या डिफ्यूझरखाली अ‍ॅनिमोमीटर धरला. हूड नसताना 2.1 मीटर प्रति सेकंद. हूड टेकताच 2.3. काढला की पुन्हा 2.1. तीनदा केलं, तीनदा तेच. म्हणजे हूड स्वतःच हवेला अडवत होता आणि अडलेली हवा शेजाऱ्याकडे पळत होती. मोजायला लावलेली वस्तूच मोजमाप बदलत होती. याला बॅक प्रेशर म्हणतात हे पुस्तकात वाचलं होतं, पण शेजारचा आकडा चढताना पाहिल्यावर ते खऱ्या अर्थाने कळलं.

यावर हूडमध्ये सोय आहे, मॅन्युअलच्या बऱ्याच मागच्या पानावर. आतली झडप एकदा उघडी आणि एकदा अर्धी मिटवून दोन रीडिंग घ्यायची, त्यावरून हूड नसता तर किती हवा आली असती ते यंत्र काढतं. तसं केल्यावर बेरीज 2,350 झाली. पण प्रत्येक जागी वेळ दुप्पट, आणि टॉयलेटच्या एग्झॉस्टसारख्या साठ-सत्तर सीएफएमच्या ग्रिलवर दोन रीडिंगमधला फरक इतका बारीक, की गणित डुलायला लागतं. प्रेशर-इंडिपेंडंट व्हीएव्ही बॉक्स (दाब बदलला तरी ठरलेली हवा राखणारा बॉक्स) असेल तर मात्र ही कटकट फारशी नाही. हवा कमी झाली की बॉक्स स्वतःच डॅम्पर उघडून ती भरून काढतो.

माझं मत सांगतो. एकट्या आकड्यासाठी हूडवर विसंबू नका, तुलनेसाठी खुशाल विसंबा. आणि बॅलन्सिंगला तुलनाच लागते. समजा, एका फाट्यावर एक डिफ्यूझर डिझाइनच्या 70 टक्क्यांवर आहे आणि दुसरा 110 वर. सगळ्यात मागे असलेल्याचा डॅम्पर पूर्ण उघडा सोडायचा आणि बाकीचे त्याच्या टक्केवारीला आणून बसवायचे. दुसरे आवळत जाल तसा तो मागचा आपोआप वर येतो. एकदा प्रमाण जुळलं की पुढे पंख्याचा वेग वाढवला तरी ते जवळपास तसंच राहतं. एकाच प्रकारच्या डिफ्यूझरवर हूडची चूकही साधारण एकाच दिशेची असते, त्यामुळे प्रमाण काढताना ती बरीचशी निघून जाते. एकूण हवा किती, हे मी अजूनही पिटॉटलाच विचारतो.

वेग वाढवण्यावरून एक आठवण. एका साइटवर सगळे 85 टक्क्यांवर जुळले होते. साइट इंजिनिअर म्हणाला, ‘‘दादा, व्हीएफडी थोडी वाढवा की, पंधरा टक्क्यांचाच तर प्रश्न आहे!’’ व्हीएफडी म्हणजे पंख्याच्या मोटरचा वेग बदलणारं यंत्र. 85 वरून 100 वर जायला वेग सुमारे 1.18 पट लागतो, आणि वीज वेगाच्या घनात वाढते. म्हणजे जवळपास 1.63 पट. मोटरची प्लेट आणि चालू अँपिअर दाखवल्यावर तो गप्प झाला. मग फिल्टर उघडून पाहिले. आधीच्या पीओपीच्या कामाची धूळ त्यात मुरली होती. फिल्टर बदलल्यावर निम्मं काम तिथेच झालं.

स्वर्ल डिफ्यूझरवर, म्हणजे हवा फिरवत सोडणाऱ्या डिफ्यूझरवर, सावध राहा. तिथे हवा गरगरत उतरते आणि जाळीवर सारखी पसरत नाही. एका जागी हूड 90 अंशांत फिरवला तर 310 सीएफएमचे 265 झाले. आत बसणारी चौफुली पट्टी वेगळी मिळते. ती लावल्यावर फरक पाच-सातवर आला. ही पट्टी मूळ पेटीत का देत नाहीत, देव जाणे.

हूडच्या तब्येतीबद्दल. वजन साडेतीन किलो, हातात घेतल्यावर हलका वाटतो आणि तिसाव्या डिफ्यूझरला खांदा आठवण करून देतो. स्टँड घ्याच. चौथ्या महिन्यात कापड ताणून धरणारी एक काडी मोडली, ती सुटी विकत मिळाली. तोंडाचा फोम कडेने दबलाय. सीलिंग जरा वाकडं असलं की तिथून हवा निसटते, मी हाताचा तळवा कडेने फिरवून बघतो. दर सकाळी झीरो करायला विसरू नका. एसीच्या खोलीतून उन्हात नेला तर पुन्हा करा.

परवा कॅलिब्रेशनची तारीख आली म्हणून पाठवलाय. तोवर जुना अ‍ॅनिमोमीटर बाहेर काढलाय, आणि कन्सल्टंटने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो क्षेत्रफळाचाच.