जिवाणू खताच्या नावाखाली झालेली फसवणूक: टोमॅटो उत्पादकांनी सावध राहावे

पुरंदर तालुक्यातील आमची जमीन मुरमाड आणि उथळ आहे. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या आत आल्यामुळे टोमॅटो घ्यायचा तर शेणखत, जिवाणू खते आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये यांवर खर्च करणे भागच होते.

नेमकी हीच गरज हेरून एका कंपनीचा प्रतिनिधी बांधावर आला. त्याने दोन सऱ्यांवर स्वतःजवळच्या बाटलीतील द्रावण फवारले आणि आठवडा उलटायच्या आत त्या सऱ्यांना बाकीच्या प्लॉटपेक्षा जास्त काळोखी, म्हणजे पानांना गडद हिरवा रंग, आली. फसवणुकीचे मूळ या प्रात्यक्षिकातच होते. हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) मुळांभोवती वाढून सावकाश काम करतात. पानांवर फवारून चार दिवसांत काळोखी आणणे हे युरियासारख्या नत्राचे काम आहे.

त्या सऱ्या पाहून संपूर्ण प्लॉटसाठी पिशव्या घेतल्या. त्यांवर टोमॅटोसाठी रायझोबियम असल्याचे छापले होते, वास्तविक रायझोबियम वाटाणा, गवार, चवळी अशा शेंगवर्गीय पिकांच्याच मुळांवर गाठी करते. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, जिवाणूंची संख्या यांपैकी पिशवीवर काहीही नव्हते. शिवाय रासायनिक खत निम्म्यावर आणण्याचा त्याचा सल्ला पाळल्याने पीक ऐन फुलोऱ्यात उपाशी राहिले, फळे बारीक निघाली आणि प्रतिनिधीचा फोन कायमचा बंद झाला. हलक्या जमिनीत मुळातच साठा नसतो, त्यामुळे असा सल्ला तिथे सर्वाधिक नुकसान करतो.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये जिवाणू खतांचा समावेश २००६ पासून आहे. ॲझोटोबॅक्टर किंवा पीएसबीच्या भुकटीत प्रतिग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात प्रतिमिली १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. हा आकडा आणि वापराची अंतिम मुदत छापलेली नसेल, तर तो माल विकत घेऊ नये; पिकअपमध्ये उन्हात तापलेला मालही घेऊ नये, कारण उष्णतेने जिवाणू मरतात.

आमच्याकडे केवळ साध्या कागदावरची पावती होती, तिच्यावर विक्रेत्याचा परवाना क्रमांक नव्हता, म्हणून तक्रार पुढे सरकली नाही. परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून किंवा कृषी विद्यापीठातून खरेदी करावी, पक्के बिल घ्यावे आणि पुराव्यासाठी पीक निघेपर्यंत एक पिशवी सील न फोडता सांभाळून ठेवावी.