जुना रंधा, जुनं एजबँडर: लिलावात बोली कुठून सुरू करायची?

फर्निचरचा कारखाना आवरताना मशीन ऑनलाइन लिलावात टाकायचं ठरलं, की दोन रस्ते समोर येतात. बोली अगदी खालून उघडायची, नाहीतर राखीव किंमत लावायची, म्हणजे जिच्या खाली मशीन विकायचंच नाही अशी. कोणता धरायचा ते मशीनवर अवलंबून.

वहीतली किंमत आधी बाजूला ठेवा. आयकराच्या, दरवर्षी उरलेल्या किमतीवर लागणाऱ्या १५ टक्के घसाऱ्याने ४ लाखांचं मशीन १० वर्षांनी कागदावर जेमतेम ७९ हजारांचं उरतं. पण बिडाचा जड रंधा एवढ्यात म्हातारा होत नाही. बेअरिंग बदला, पाती लावा, चालू. उलट एजबँडरचं, म्हणजे प्लायच्या कडांना पट्टी चिकटवणाऱ्या मशीनचं, कंट्रोल कार्ड मिळेनासं झालं, तर ते मशीन ७९ हजारांनाही महागच.

रंधा, बँडसॉ यांना गिऱ्हाईक भरपूर. तिथे खालून सुरुवात चालते. चारजण आत आले की भाव आपोआप चढतो. फक्त वजन गुणिले त्या दिवसाचा भंगारभाव, याच्या खाली उघडू नका. टेबलावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) सरकत नाही, हे व्हिडिओत दाखवा. ‘एकदम कंडिशनमध्ये’ असं दहादा लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. मोटरची पाटीही दिसू द्या, थ्री फेज नसलेले उगाच बोली लावत नाहीत.

एजबँडर किंवा सीएनसी राउटर घेणारे मोजकेच. खालून उघडलं आणि एकटाच आला, तर तो सुरुवातीच्याच भावात घेऊन जातो. इथे राखीव किंमत हवी. ती काढताना नव्या मशीनचा जीएसटीशिवायचा भाव धरा, कारण नोंदणीकृत खरेदीदाराला नव्यावरचा कर सहसा परत मिळतो. शिवाय नव्याला वॉरंटी असते, म्हणून त्या भावाच्या खालीच राहा. मनातला आकडा राखीव म्हणून लावला, तर मशीन पडून राहतं आणि पुन्हा टाकलं की लोक आणखी पाडून मागतात.

लिलाववाल्याचं कमिशन खरेदीदाराकडून घेतलं जात असेल, तरी ते शेवटी तुमच्याच खिशातून जातं. ते १५ टक्के असेल, तर लाखाची तयारी असलेला माणूस ८७ हजारांच्या आत थांबतो. हायड्रा क्रेन आणि टेम्पोचा खर्चही तो वजा करतोच, म्हणून मशीन कोण उचलणार ते आधीच लिहा.

गाळा महिनाअखेरीस सोडायचा असेल, तर थांबल्यामुळे भरावं लागणारं भाडं राखीव किमतीतून वजा करा. तरीही व्यापाऱ्याने देऊ केलेला रोख भाव जास्त निघाला, तर लिलावाचा नाद सोडा.