चार कोंबड्या, प्लॅस्टिकचं खुराडं आणि इंग्लंडचे नियम

लेस्टरला आमच्या घरामागे छोटंसं परस आहे. 2022च्या ऑक्टोबरात तिथे चार कोंबड्या आणल्या आणि त्यांच्यासाठी दुहेरी भिंतींचं हे प्लॅस्टिकचं खुराडं घेतलं, पुढे दोन मीटरचा जाळीचा पिंजरा. लाकडी खुराडं निम्म्या किमतीत मिळत होतं, तरी हेच घेतलं ते बरं केलं.

महिनाही झाला नव्हता, तोच 7 नोव्हेंबरला बर्ड फ्लूमुळे इंग्लंडभर हुकूम निघाला: एकच कोंबडी असली तरी कोंडून ठेवा. तो उठला थेट 18 एप्रिलला. तेवढ्या दिवसांत उणीव कळली. दोन मीटर चौघींना पुरेनात, दुसऱ्याच आठवड्यात त्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. आणखी दोन मीटरचा जोड घ्यावा लागला. पिंजऱ्यावरचं छप्परही वेगळं विकतात. रानपक्ष्यांची शीट आत पडू नये म्हणून मी ताडपत्री बांधली, ती वाऱ्याने दोनदा फाटली. विक्रेत्याने हे आधीच सांगायला हवं होतं.

शेवटी वाफ्यातला कोबीचा गड्डा दोरीला टांगला. तो टोचण्यात गुंतल्या तेव्हा कुठे भांडणं थांबली. गड्डा वाफ्यातून थेट पिंजऱ्यात नेला, कारण स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना घालणं इथे बेकायदा आहे, सूट फक्त वीगन घराला, म्हणजे जिथे मांस, दूध, अंडी असं प्राण्यांपासूनचं काहीच शिरत नाही. गुहागरला आजी रोज शिळा भात टाकायची. इथे तोच भात कचऱ्यात टाकताना अजून जिवावर येतं, पण मांसाच्या खरकट्यातून रोग पसरतात हे समजल्यापासून मी नियम मोडलेला नाही.

सफाईला मात्र पैकीच्या पैकी गुण. खालचा ट्रे ओढायचा, शीट खताच्या ढिगात टाकायची, पाइपने धुवायचं, दहा मिनिटांत काम उरकतं. ओळखीच्या एका घरी लाकडी खुराड्याच्या खाचांत रेड माइट शिरले. हे बारीक किडे रात्री कोंबड्यांचं रक्त पितात आणि खाचांतून निघता निघत नाहीत. आमच्याकडे अजून एकही दिसलेला नाही. जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला पसरलेली असल्याने कोल्ह्यालाही उकरून आत येता आलं नाही.

घेणार असाल तर चार मीटरचा पिंजरा आणि छप्पर पहिल्याच ऑर्डरीत मागवा. घराच्या कागदपत्रांत कोंबड्या पाळायला मनाई नाही ना, तेही आधी वाचा. 1 ऑक्टोबर 2024पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एका कोंबडीचीही नोंदणी सक्तीची आहे. ती फुकट होते, आणि कोंबड्या आणल्यापासून महिन्याच्या आत करायची असते.