अमेरिकन उजव्यांचं काय लावायचं? नॅशनल रिव्ह्यू, अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह की वॉल स्ट्रीट जर्नल

भाच्याने परवा फोनवर विचारलं, मामा, अमेरिकेतल्या उजव्या बाजूचं काहीतरी एक नीट लावायचंय, मुख्यतः परराष्ट्र धोरणासाठी, कुठलं लावू? तो पुण्यात इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये एमए करतोय, हातात पैसे बेताचे, आणि अमेरिकेबद्दल आत्तापर्यंत जे वाचलंय ते बहुतेक न्यूयॉर्क टाइम्स नाहीतर सीएनएनचं. मी गेली वीसेक वर्षं ही तिन्ही वाचतोय, आणि असाच प्रश्न अजून बऱ्याच जणांना पडत असणार, म्हणून फोनवर दोन वाक्यांत न उरकता इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "कॉन्झर्व्हेटिव्ह लोक काय म्हणतात" असं एकच उत्तर परराष्ट्र धोरणात मिळतच नाही. 22 जून 2025 चा रविवार आठवा, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आसपास ट्रम्प यांची पोस्ट आली की अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान या अणुकेंद्रांवर हल्ला केलाय. मी चहा टाकला आणि दिवसभर तीन टॅब उघडे ठेवून बसलो. वॉल स्ट्रीट जर्नलचं संपादकीय पान ट्रम्प यांच्या पाठीशी, नॅशनल रिव्ह्यूही पाठीशी, आणि अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह, जे कित्येक आठवडे जीव तोडून सांगत होतं की या युद्धात पडू नका, ते पूर्ण विरोधात. तिघंही स्वतःला उजवेच म्हणवतात. त्यामुळे कुठलं लावायचं हा प्रश्न खरं तर असा आहे की उजव्यांच्या आतलं हे भांडण तुला कुठल्या खिडकीतून बघायचंय.

नॅशनल रिव्ह्यू सगळ्यात जुनं घराणं. 1955 मध्ये विल्यम बकली यांनी काढलं, इतिहासाच्या आडवं उभं राहून "थांबा" ओरडणारं मासिक अशी त्यांनीच पहिल्या अंकात ओळख करून दिलेली. खुला बाजार, परंपरा आणि कम्युनिझमला कडवा विरोध हे तीन धागे एकत्र विणून पुढे रेगनपर्यंत पोचलेली जी विचारधारा, तिची वीण इथे घातली गेली. आज परराष्ट्र धोरणात त्यांची मूळ भूमिका तीच: अमेरिका बलवान हवी, मित्रदेश सांभाळायला हवेत, युक्रेनला शस्त्रं द्यायला हवीत, इस्राएलच्या मागे उभं राहायला हवं. पण मला त्यांचं आवडतं ते वेगळ्या कारणासाठी. एकाच छपराखाली भांडण चालू देतात. नोआ रॉथमन कडक भूमिका मांडणार, आणि तिथेच मायकेल ब्रेंडन डॉहर्टी लिहिणार की अमेरिकेने दुसऱ्यांच्या युद्धात इतकं गुंतायचं कारण काय. नवख्या वाचकाला युक्तिवाद कसा बांधतात, समोरच्याचा मुद्दा कुठून धरून मोडतात, हे शिकायचं असेल तर याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्हचा जन्मच भांडणातून झाला. 2002 साल, इराकवर चढाईची तयारी चालू, आणि पॅट ब्युकॅनन, पत्रकार स्कॉट मॅककॉनेल आणि टाकी या नावाने लिहिणारे ग्रीक स्तंभलेखक यांनी हे मासिक काढलं, उजव्या बाजूने युद्धाला विरोध करायला. ब्युकॅनन म्हणजे निक्सन आणि रेगन दोघांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलेला माणूस, डावा म्हणून झटकून टाकता येण्यासारखा नाही. मार्च 2003 मध्ये, युद्ध सुरू होता होता, नॅशनल रिव्ह्यूने राष्ट्राध्यक्ष बुश यांचे माजी भाषणलेखक डेव्हिड फ्रम यांचा लेख छापला ज्यात या मंडळींना सरळ देशप्रेम नसलेले कॉन्झर्व्हेटिव्ह ठरवून टाकलं. जुने सहकारी, एकाच पक्षाचे मतदार, आणि एका लेखात देशद्रोहाच्या उंबरठ्यावर नेऊन उभे केले. मला हा लेख आजही वाचवत नाही.

कारण पुढे काय झालं ते सगळ्यांना दिसलं. इराकमध्ये सामूहिक संहाराची शस्त्रं सापडली नाहीत, आणि फेब्रुवारी 2006 मध्ये खुद्द बकली यांनी लिहिलं की इराकमधलं अमेरिकेचं उद्दिष्ट फसलंय. म्हातारपणी, स्वतःच काढलेल्या मासिकाची बाजू सोडून असं लिहायला छाती लागते आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी खरा आदर आहे. पण म्हणून 2003 चा हिशोब पुसला जात नाही, तेव्हा बरोबर कोण होतं तर अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह. या मासिकात लिहिणाऱ्यांत अँड्र्यू बेसविच आहेत, निवृत्त कर्नल, व्हिएतनाममध्ये लढलेले, इराक युद्धाचे पहिल्यापासून विरोधक, आणि 2007 च्या मे महिन्यात त्यांचा लष्करात अधिकारी असलेला मुलगा त्याच युद्धात गेला. हा माणूस युद्धाबद्दल लिहितो तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवून वाचतो. अजून एक सांगतो, 2004 च्या निवडणुकीत या मासिकात चक्क डेमोक्रॅट केरी यांना मत द्या म्हणणारा मॅककॉनेल यांचा लेख आला होता, बुश यांनी युद्धात देश घातला म्हणून. पक्षापेक्षा मुद्दा मोठा मानायची ही सवय दुर्मिळ आहे.

आता त्यांची दुखरी बाजू. एक म्हणजे अमेरिकेने हात आखडता घेतला की उरलेल्या जगात काय होईल याचं उत्तर त्यांच्याकडे फार पातळ असतं, युक्रेनबद्दल वाचताना हे फार जाणवतं, रशियाची बाजू समजून घेता घेता कीव्हमधला माणूस नजरेआडच होतो. दुसरं म्हणजे या गोटाच्या कडेला काही आवाज असे आहेत की इस्राएलच्या धोरणावरची टीका कधी ज्यूंच्या द्वेषात जाऊन मिसळते ते कळत नाही. हे आजचं नाही, बकली यांनी 1991 च्या शेवटी ब्युकॅनन यांच्याबद्दल नेमका हाच प्रश्न लांबलचक लेखातून उपस्थित केला होता. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये फॉक्स न्यूजचे माजी निवेदक टकर कार्लसन यांनी ज्यूंचा उघड द्वेष करणाऱ्या निक फ्युएन्टेसला समोर बसवून गप्पा मारल्या त्यावरून पुन्हा तेच पेटलं. त्यामुळे वाचताना ही रेषा स्वतः आखून ठेवायची, ती आपल्यासाठी दुसरं कोणी आखत नाही.

कार्लसनचं नाव निघालंच आहे तर, बरेच जण विचारतात वाचण्यापेक्षा त्यालाच ऐकलं तर? जून 2025 मधली रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझबरोबरची मुलाखत जरूर बघ. क्रूझ इराणमधली राजवट उलथायच्या बाजूने बोलत होते, कार्लसनने विचारलं इराणची लोकसंख्या किती, सिनेटरना सांगता आलं नाही, त्याने सांगितलं 9 कोटी 20 लाख. एवढ्या एका प्रश्नाने जे काम केलं ते दहा लेखांना जमलं नसतं. पण हाच माणूस फेब्रुवारी 2024 मध्ये मॉस्कोत पुतिनसमोर बसला तेव्हा असे टोकदार प्रश्न फारसे निघाले नाहीत. एखादी मुलाखत बघायला ठीक, अभ्यास त्याच्यावर उभा करू नये.

वॉल स्ट्रीट जर्नल. इथे एक लक्षात ठेव, बातम्यांचं पान वेगळं आणि संपादकीय पान वेगळं, दोन्ही वेगळी माणसं चालवतात, मी बोलतोय ते संपादकीय पानाबद्दल. 2001 पासून पॉल जिगो ते पान सांभाळतात. मुक्त व्यापार, मजबूत लष्कर, आणि कुशल परदेशी माणसांना दारं उघडी, ही त्यांची ठरलेली भूमिका. टॅरिफच्या बाबतीत त्यांनी ट्रम्प यांना अजिबात सोडलं नाही, कॅनडा मेक्सिकोवर टॅरिफ लावायचं ठरलं तेव्हा जानेवारी 2025 च्या शेवटी अग्रलेखाचा मथळाच होता, इतिहासातलं सगळ्यात मूर्ख व्यापारयुद्ध. आणि याच पानावर परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक वॉल्टर रसेल मीड यांचा साप्ताहिक कॉलम असतो, ते पठडीतले उजवे नाहीत, पण 2001 च्या पुस्तकात त्यांनी अमेरिकन परराष्ट्र धोरणाचे जे चार प्रवाह सांगितले, हॅमिल्टन, जेफरसन, विल्सन आणि जॅक्सन यांच्या नावाने, ते एकदा डोक्यात बसले की ट्रम्प यांच्यामागचा मतदार जॅक्सन प्रवाहातला (कडवा देशाभिमानी, जगाच्या भानगडीत रस नाही पण डिवचलं तर जोरात मारणारा) कसा हे आपोआप दिसायला लागतं. 2023 मध्ये भाजप हा परदेशातला सगळ्यात महत्त्वाचा राजकीय पक्ष आहे असं लिहिणारे हेच, तो लेख आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर खूप फिरला होता.

इथे आपल्या घरचा विषय येतो. ऑगस्ट 2025 मध्ये भारतावर आधी 25 टक्के आणि मग रशियन तेलावरून अजून 25, असं मिळून 50 टक्के टॅरिफ बसलं, सप्टेंबरमध्ये कुशल परदेशी कामगारांना मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी आली, आणि त्या शनिवारी न्यू जर्सीतल्या आमच्या मावसभावाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, सुट्टीवर सांगलीला आलेली त्याची बायको परत येऊ शकेल का हेच त्याला कळत नव्हतं. ही फी आधीच व्हिसा असलेल्यांना नाही हे नंतर स्पष्ट झालं, पण तो एक दिवस त्या घराने काढला. आता या विषयावर तिघांची तोंडं तीन दिशांना. जर्नल अशा व्हिसाच्या बाजूने. नॅशनल रिव्ह्यू इमिग्रेशन कमी करा म्हणणारं, पण मोजून मापून, आकडे घेऊन. अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्हमध्ये एच-वन-बी म्हणजे अमेरिकन कामगाराच्या पोटावर पाय, आणि ते वाचताना आपल्याला लागतं. तरीही वाचावं. डिसेंबर 2024 मध्ये भारतीय वंशाचे श्रीराम कृष्णन यांना ट्रम्प यांनी एआय सल्लागार नेमलं त्यावरून एच-वन-बीचा जो वाद उसळला तो ज्यांनी हा गोट वाचला नव्हता त्यांना आकाशातून पडल्यासारखा वाटला, वाचणाऱ्यांना नाही.

द डिस्पॅच या उजव्या वेबसाइटचं थोडक्यात, 2019 मध्ये जोना गोल्डबर्ग आणि स्टीव्ह हेझ यांनी सुरू केलं, दोघांनी 2021 मध्ये तत्त्वासाठी फॉक्स न्यूज सोडलं, माणसं सचोटीची, पण आजच्या रिपब्लिकन सत्तेपासून इतकी लांब की वॉशिंग्टनमध्ये उद्या काय होणार याचा अंदाज तिथून येत नाही.

तर तुझ्यासाठी, सत्तेच्या आसपासची तरुण माणसं कुठल्या भाषेत विचार करतात हे कळायला अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह, साइटवर पैसे न भरता बरंच वाचता येतं त्यामुळे ते आजच सुरू कर. पैसे एकाच ठिकाणी भरायचे असतील तर नॅशनल रिव्ह्यूला भर, जर्नलला नको, जर्नलची पेवॉल कडक, म्हणजे पैसे भरल्याशिवाय फारसं उघडत नाही, आणि एमएच्या पोराला त्यातलं मीड आणि अग्रलेख एवढंच लागणार, ते तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीतून मिळतं का ते आधी विचार. माझा मावसभाऊ विचारता तर उत्तर उलटं दिलं असतं, त्याला जर्नलच लाव म्हटलं असतं, व्हिसा आणि टॅरिफ हा त्याच्या रोजच्या जेवणाचा प्रश्न आहे. आणि सुरुवात कशी करायची तर 2003 चा फ्रम यांचा तो लेख आणि 2006 चा बकली यांचा कॉलम एका बैठकीत लागोपाठ वाच, मग मला फोन कर.