ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं मशीन मॉडिफाय करणारं वर्कशॉप : ४ स्टार, पाचवा मावशींच्या नावाने कापला

आधी सांगते की आमचा कळव्यात मसाल्याचा छोटा गाळा आहे, मी, जाऊबाई आणि पाच बायका, त्यामुळे हा रिव्ह्यू मोठ्या फॅक्टरीवाल्यांच्या कामाचा नाही. दोन वर्षांपूर्वी पावडर भरायचं ऑगर मशीन घेतलं होतं, म्हणजे वर हॉपर, आत स्क्रू, स्क्रूचे फेरे सेट करायचे आणि तेवढी पावडर खाली पाकिटात. हळद, धणेपूड एकदम मस्त भरायचं. कांदा-लसूण मसाला टाकला की नाटकं सुरू. १०० ग्रॅमच्या पाकिटात कधी ९२ तर कधी १०८. वजनमापाच्या नियमात १०० ग्रॅमला ४.५ ग्रॅमपर्यंतच कमी चालतं, त्यामुळे भीतीने आम्ही सेटिंगच १०६ वर ठेवलं होतं, म्हणजे हजार पाकिटांमागे सहा किलो मसाला फुकट. ब्याडगीचा आणि खोबऱ्याचा भाव बघता काय वाटत असेल बघा.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांचा सेल्सवाला आला, दहा मिनिटं थांबला, हॉपरला व्हायब्रेटर लावून गेला आणि त्याचे पैसे वेगळे. त्याने प्रकार अजून वाढला. नंतर कळलं की तेलकट बारीक पावडर थरथरवली की खाली उतरायच्या ऐवजी दाबून बसते आणि आत कमान धरते, कमानीखाली पोकळी, स्क्रू बिचारा रिकामा फिरतोय.

मग ओळखीतून हे वागळेचं वर्कशॉप कळलं. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली तेव्हाची पहिली वसाहत म्हणजे वागळे, आता तिकडे अर्ध्या काचेच्या बिल्डिंगी झाल्यात आणि लोकांना वागळे म्हटलं की पासपोर्टच आठवतो, पण आतल्या गल्ल्यांत अजून टर्नर-फिटर लोकांचे गाळे आहेत आणि त्यातलाच हा एक. तीन हात नाक्याचं ट्रॅफिक धरून निघा.

पहिलीच गोष्ट आवडली ती ही की त्यांनी फोनवर विचारलं, मशीन रोज चालवतं कोण? मी म्हटलं आमच्या मावशी. तर म्हणे त्यांनाच घेऊन या आणि पाच किलो मसाला पण आणा. मावशी बाराव्या वर्षापासून डंकावर काम केलेल्या, पण आजवर कुठल्या मशीनवाल्याने त्यांना खुर्ची दिली नव्हती. इथे टेबलाभोवती चौघं बसले: साठीचे फिटर काका, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली एक मुलगी, मालक आणि मावशी. मी बाजूला चहा पीत. (चहा फार गोड.)

मुलीचं म्हणणं, लोड सेल म्हणजे वजन मोजणारा सेन्सर लावू, ९० ग्रॅमपर्यंत जोरात भरेल आणि पुढचं हळूहळू, वजन बघत. काका म्हणाले, अगं काटा फक्त सांगेल माल येत नाहीये, आणणार कोण? तिला राग आला, स्पष्ट दिसलं. दोघांचं बरंच वाजलं, इंग्रजी शब्द उडायला लागले, आणि मध्येच मावशी बोलल्या की सकाळी चांगलं भरतं, दुपारीच अडतं. सगळ्यांना वाटलं मोटर तापत असेल. मावशी म्हणाल्या मोटर नाही ओ, सकाळचा मसाला रात्रभर ताटात पसरलेला असतो, दुपारचा डंकावरून आलेला कोमट तसाच ओततात. आणि अडला की मी रवीच्या दांड्याने कडेकडेने घुसळते, मधे घुसळून काही होत नाही.

खोबरं-तिळाचं तेल, त्यात ऊब, त्यात आमची ठाण्याची दमट हवा. मी दोन वर्षं त्याच गाळ्यात बसते, मला कधी दिसलं नाही हे! विचारलंच नव्हतं खरं तर.

काकांनी तिथेच जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून कडेने फिरणारा हात बनवून दाखवला, हॉपरच्या भिंतीला जवळजवळ घासत जाणारा, म्हणजे मावशींची रवीच. त्याला आधी रबराची कड लावणार होते, मावशी म्हणाल्या रबराला लसणाचा वास धरेल आणि तुकडा पडला तर मसाल्यात जाईल. मग पूर्ण स्टीलचा केला. आत नट-बोल्टही नको, सुटला तर पाकिटात जाईल, म्हणून बाहेरून खिट्टी, उपसली की सगळं धुवायला बाहेर. मुलीने झाकणाला स्विच लावला, झाकण उघडलं की मशीन बंद, कारण मावशींचा हात सवयीने आत जातो हे तिने बघितलं होतं. तिचा लोड सेलही लागलाच, फक्त आता त्याच्यापर्यंत माल पोचतो.

आता ९९ ते १०१. दुपारचा मसाला आधी ताटात गार करतो, त्याला खर्च शून्य.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगितले, साडेसहा लागले. कोटेशन व्हॉट्सअॅपवर एका ओळीत, ३८ हजार, त्यात काय धरलंय काय नाही काही नाही, जीएसटीच्या बिलासाठी चार फोन. मालक दुपारी फोन उचलत नाहीत. ड्रॉइंग मागितलं तर म्हणे काकांच्या डोक्यात आहे, म्हणजे काका गावाला गेले की आपण गेलो.

आणि पाचवा स्टार कशाला कापला ते. परवा सर्व्हिसिंगला गेले तर तिथे नवीन मशीन उभं, तसाच कडेचा हात, तशीच खिट्टी, आणि मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगतायत आमचं स्वतःचं डिझाइन आहे. मुलगी मान खाली घालून वायरी जोडत होती. अहो, टेबलावर चौघं होते ना? मी बोलले तसं हसले आणि सर्व्हिसिंगचे पैसे घेतले नाहीत. मावशींना घरी येऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, असू दे, पण त्यांना सांग खिट्टी डाव्या बाजूला घ्या म्हणावं, उजवीकडे पाकिटं असतात. हे पुढच्या खेपेला सांगणार आहे आणि या वेळी पैसे मागणार आहे.

कुणी जाणार असाल तर मशीनवर बसणाऱ्या माणसाला सोबत नेणं मस्ट आहे, एकटे मालक-मालकीण गेलात तर अर्धं काम होईल. आणि ट्रायलला तुमचाच माल न्या, रोजचा, तेलकट असेल तर तेलकटच. नाही नेलात तर ते गव्हाच्या पिठावर ट्रायल घेतात, आणि कोरडं पीठ तेलकट मसाल्याइतकं अडत नाही.