डेंग्यू आयजीजी टेस्ट घरी करून घेतली, तीन स्टार

२०२४ ला पुण्यात एरंडवण्यात झिकाचे पेशंट सापडले तेव्हापासून आईच्या डोक्यात भुंगा, तिला आधी डेंग्यू होऊन गेलाय का ते बघायचंच होतं (ही टेस्ट रक्तातल्या जुन्या अँटीबॉडीवरून तेच बघते), शेवटी या लॅबची होम व्हिजिट बुक केली. सॅम्पल घ्यायला आलेला दादा एक नंबर, सकाळी साडेसातला दारात, सुई टोचलेली आईला कळलीपण नाही. रिपोर्ट मात्र उद्या म्हणून तिसऱ्या दिवशी आला, पॉझिटिव्ह, आणि फोनवरच्या मॅडम म्हणतात, "डेंग्यू होऊन गेलाय ना, मग झिकाचं टेन्शनच नाही!"

अहो मॅडम, असं नसतं हो. दोन्ही व्हायरस एकाच घराण्यातले, डासपण तोच एडिस, त्यामुळे जुन्या अँटीबॉडी थोड्याफार कामी येतात हे खरंय, ब्राझीलच्या साल्वाडोरमधे एका वस्तीत ज्यांच्या डेंग्यूच्या अँटीबॉडी जास्त त्यांना झिका कमी झाला, निकाराग्वात पोरांमधेपण लक्षणं कमी दिसली. पण कमी म्हणजे शून्य नाही ना! आणि गंमत म्हणजे उलटं चालत नाही, निकाराग्वातच आधी झिका झालेल्या पोरांना नंतर डेंग्यूचा टाइप २ (डेंग्यूच्या व्हायरसचे चार टाइप असतात) जास्त जोरात झाला. एकदा डेंग्यू झालेल्याला दुसऱ्या टाइपचा झाला तर तोपण जड जाऊ शकतो, म्हणजे आईला बेफिकीर करून उपयोग काय?

शिवाय झिका होऊन गेला असला किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतली असली तरी हीच टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, ते रिपोर्टवर कुठेच नाही, बारीक अक्षरात तरी छापा की. स्टार दिलेत ते त्या दादासाठी.